दोन कोटी तीस लाखांमागे एक

क्रोगन शिपाई कोसळला म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही, हा धडा 'मास इफेक्ट' खेळणारा पहिल्या काही तासांतच शिकतो. गोळ्या खाऊन तो आडवा होतो, आपण दुसऱ्या शत्रूकडे वळतो, आणि तेवढ्यात तो उठून पुन्हा अंगावर येतो. सात फुटांहून उंच, पाठीवर मोठं कुबड, हातात शॉटगन. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या 'बायोवेअर' कंपनीने नोव्हेंबर २००७ मध्ये ही खेळमालिका सुरू केली. तिच्यात परग्रहवासीयांच्या डझनभर तरी जाती आहेत, पण खेळणाऱ्यांच्या मनात घर केलं ते क्रोगनांनी. विश्वातले सगळ्यांत चिवट पायदळ शिपाई अशी त्यांची ख्याती आहे, आणि त्यांची कहाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत आकड्यांनी लिहिलेली आहे.

या विश्वात मोठ्या आकड्यांना तोटा नाही. कथा घडते आपल्याच आकाशगंगेत. तिचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षं आणि तारे किमान दहा हजार कोटी. खेळातल्या बाविसाव्या शतकापर्यंत यातले एक टक्काही तारे कोणी धुंडाळलेले नाहीत. सगळ्या जातींची राजधानी म्हणजे 'सिटाडेल' नावाचं अंतराळस्थानक. त्याची लांबी ४४.७ किलोमीटर आणि वस्ती १ कोटी ३२ लाख. दर पन्नास हजार वर्षांनी 'रीपर' नावाची महाकाय यंत्रं येतात आणि आकाशगंगेतली प्रगत संस्कृती पुसून टाकतात. पण या सगळ्यापेक्षा मला एक लहानसा आकडा जास्त सुन्न करतो. हजारात एक. तो क्रोगन मुलांच्या जन्माचा आहे.

दुहेरी, तिहेरी शरीर

आधी शिपायाचं शरीर पाहू, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. क्रोगनांचा ग्रह टुचांका. उष्ण, कोरडा, विषारी, आणि एकाहून एक हिंस्र प्राण्यांनी भरलेला. तिथे टिकायचं तर शरीरात प्रत्येक गोष्टीला पर्याय हवा. म्हणून क्रोगनाला हृदयं दोन आणि फुप्फुसं चार. मुख्य मज्जासंस्था तुटली तर काम चालवायला दुसरी, द्रवावर चालणारी व्यवस्था तयारच असते, त्यामुळे त्याला लुळा करणं जवळपास अशक्य. पाठीवरच्या कुबडात पाणी आणि अन्नद्रव्यांचा साठा. डोळे दोन बाजूंना, नजरेचा आवाका २४० अंशांचा. माणसाचा साधारण १८० अंशांचा.

या जादा अवयवांचं गणित करून पाहण्यासारखं आहे. समजा, एखाद्या घावात एक हृदय बंद पडण्याची शक्यता दहात एक आहे. माणसाच्या बाबतीत प्रश्न तिथेच संपतो. दोन हृदयं असतील आणि ती एकमेकांवर अवलंबून नसतील, तर दोन्ही बंद पडण्याची शक्यता शंभरात एक होते. याच हिशेबाने चारही फुप्फुसं निकामी होण्याची शक्यता दहा हजारांत एक. अवयवांची बेरीज झाली की धोक्याचा भागाकार होतो. पडलेला क्रोगन उठतो त्यामागचं तत्त्व हे असं आहे.

अशा शरीराला आयुष्यही तसंच लाभलेलं आहे. क्रोगन हजार वर्षांहून अधिक जगू शकतो. २०१७ मध्ये आलेल्या 'अँड्रोमेडा' या चौथ्या खेळातला नॅकमोर ड्रॅक हा म्हातारा योद्धा सुमारे चौदाशे वर्षांचा आहे. माणसाची एक पिढी पंचवीस वर्षांची धरली तर आपल्या छप्पन्न पिढ्या त्याच्या एका आयुष्यात मावतात.

वर्षाला हजार अंडी

टुचांकावर बाळाने मोठं होणं हीच मोठी गोष्ट होती. बंदुकीची दारू सापडेपर्यंत क्रोगनांच्या मृत्यूचं पहिलं कारण हिंस्र प्राण्यांनी खाणं हे होतं. दारू सापडली आणि त्या जागी गोळी आली. निसर्गाने या संहारावर उतारा दिला होता तो संख्येचा. क्रोगन मादी एका वर्षात हजारापर्यंत फलित अंडी देऊ शकत असे.

वेळासच्या किनाऱ्यावर कासव महोत्सवाला गेलेल्यांना हा हिशेब नवा वाटणार नाही. ऑलिव्ह रिडले मादी वाळूत शंभरेक अंडी घालून निघून जाते आणि समुद्राकडे धावणाऱ्या पिल्लांपैकी हजारात एखादंच मोठं होतं, असा ढोबळ अंदाज तिथे सांगितला जातो. खेकडे, पक्षी, मासे बाकीच्यांचा घास करतात. कासवं उरतात ती अंड्यांच्या संख्येच्या जोरावर. टुचांकावरचं क्रोगनाचं जगणं याच जातीचं होतं. अंडी हजार, कारण खाणारी तोंडं हजार.

आता खाणारी तोंडं काढून टाकली तर काय होईल, हे एका जोडप्यापासून मोजू. मी मुद्दाम हात आखडता घेऊन मोजतो. मादी तिच्या अख्ख्या आयुष्यात फक्त एकच वर्ष अंडी देते असं धरू. निम्मी पिल्लं माद्या, आणि दोन पिढ्यांमधलं अंतर वीस वर्षं.

पहिल्या पिढीत हजार पिल्लं. त्यांतल्या पाचशे माद्या प्रत्येकी हजार अंडी देतील, म्हणजे दुसऱ्या पिढीत पाच लाख. तिसऱ्या पिढीत पंचवीस कोटी. चौथ्या पिढीत साडेबारा हजार कोटी. आज पृथ्वीवर आपण सगळे मिळून आठशे कोटींच्या थोडे वर आहोत. म्हणजे एका जोडप्याची पणतवंडांची मुलं ऐंशी वर्षांत आजच्या मानवजातीच्या पंधरापट झाली. पाचव्या पिढीत हा आकडा साडेबासष्ट लाख कोटींवर जातो. आकाशगंगेत चाळीस हजार कोटी तारे धरले तरी प्रत्येक ताऱ्याच्या वाट्याला दीडशेहून जास्त क्रोगन येतात. आणि सहाव्या पिढीतल्या प्रत्येकाला उभं राहायला एक चौरस मीटर जागा द्यायची ठरवली, तर पृथ्वीचा सगळा पृष्ठभाग, समुद्र धरून, एकसष्ट वेळा लागेल. हे सारं एकशेवीस वर्षांत. एका जोडप्यापासून.

हे कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात अन्न संपतं, जागा संपते, मारामाऱ्या होतात. क्रोगनांनी तर स्वतःच स्वतःला आवर घातला होता. खेळाच्या कालगणनेनुसार सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, अणुयुगाच्या उंबरठ्यावर, जगण्यालायक उरलेल्या थोड्या जमिनीसाठी त्यांच्यात जागतिक युद्ध पेटलं आणि टुचांका किरणोत्सर्गी उजाड माळ झाला. उरलेल्या टोळ्या पुढची दोन हजार वर्षं अणुहिवाळ्यात तग धरून राहिल्या. पायदळातले सर्वोत्तम शिपाई अशा शाळेत तयार झाले. मग त्यांना कोणीतरी शोधत आलं.

कामापुरती मोजदाद

इसवी सनाच्या पहिल्या वर्षी सिटाडेलच्या जातींची रॅकनाय या कीटकांसारख्या प्राण्यांशी युद्धं सुरू झाली. रॅकनाय राण्या विषारी ग्रहांच्या पोटात, खोल बिळांमध्ये राहत. तिथे उतरणारा शिपाई मरणारच, असा अनुभव होता. सुमारे ऐंशी वर्षांनी सलारियनांना टुचांका आठवला. सलारियन ही बुद्धिमान, घाईची, अल्पायुषी जात. त्यांनी क्रोगनांना यानं दिली, शस्त्रं दिली, नवे ग्रह दिले आणि बिळांत उतरवलं. विष पचवणारी शरीरं आणि न संपणारी संख्या यांच्यापुढे रॅकनाय टिकले नाहीत. सन ३०० पर्यंत त्यांचा निःपात झाला. सिटाडेलवर क्रोगनांच्या सन्मानार्थ स्मारक उभं राहिलं. पहिल्या खेळात ते आजही पाहता येतं.

पण नवे ग्रह टुचांकासारखे नव्हते. तिथे अंड्यांवर टपलेले प्राणी नव्हते, किरणोत्सर्ग नव्हता. आकड्यांना घातलेला बांध फुटला. सन ८० ते ७०० हा काळ ६२० वर्षांचा, म्हणजे वीस वर्षांची एक अशा एकतीस पिढ्या. हजारातली हजार अंडी जगण्याची इथे गरजच नाही. प्रत्येक मादीची फक्त चार मुलं मोठी झाली तरी लोकसंख्या पिढीगणिक दुप्पट होते. एकतीस वेळा दुप्पट म्हणजे सुमारे २१४ कोटी पट. एक लाख क्रोगनांपासून सुरुवात केली तर सन ७०० मध्ये २१४ लाख कोटी. आकाशगंगेत एवढ्यांना पुरेल इतकी जमीन कोण देणार?

म्हणून ते शेजाऱ्यांचे ग्रह घेऊ लागले. सन ७०० च्या सुमारास असारी या जातीच्या वसाहतीवरून ठिणगी पडली आणि क्रोगनांचं बंड पेटलं. ते शंभर वर्षं चाललं. या वेळी सिटाडेलचा कारभार पाहणाऱ्या परिषदेने तुरियन या शिस्तबद्ध लष्करी जातीला पुढे केलं. क्रोगनांनी तुरियन वसाहतींवर भीषण हल्ले केले, आणि तुरियनांनी हातात असलेलं सर्वांत भयंकर अस्त्र वापरलं. ते सलारियनांनी प्रयोगशाळेत बनवलं होतं. त्याचं नाव जेनोफेज.

ज्या गुणासाठी क्रोगनांचं स्मारक उभारलं, त्याच गुणासाठी त्यांच्यावर हे अस्त्र टाकलं गेलं. युद्धात ते हवे होते कारण पुष्कळ होते. युद्ध संपल्यावर ते नकोसे झाले, तेही पुष्कळ होते म्हणूनच. दोन्ही वेळा त्यांच्याकडे फक्त संख्या म्हणून पाहिलं गेलं. मला या कथेतला सर्वांत मोठा अन्याय इथे दिसतो, जेनोफेजच्याही आधी.

हजारातलं एक

जेनोफेज कोणाला ठार मारत नाही आणि वांझही करत नाही. प्रत्येक क्रोगनाच्या प्रत्येक पेशीत तो शिरतो आणि गर्भ तगण्याची शक्यता हजारात एकवर आणून ठेवतो. सन ७१० च्या सुमारास तो पसरवला गेला. खेळाची मुख्य कथा २१८३ ते २१८६ या वर्षांत घडते. म्हणजे हा आकडा पावणेपंधराशे वर्षं टिकून आहे.

आता या आकड्याशी थोडं जवळून बोलू. वर्षाला हजार अंडी आणि त्यांतलं जगण्याजोगं एक, म्हणजे सरासरी वर्षाला एक मूल. कानाला हे भयंकर वाटत नाही. पण सरासरी फसवी असते. अशा हजार आया एका वर्षासाठी डोळ्यांपुढे आणा. संभाव्यतेच्या नियमाने त्यांतल्या ३६८ जणींना त्या वर्षी एकही मूल होणार नाही. ३६८ जणींना एक होईल, १८४ जणींना दोन, ६१ जणींना तीन आणि उरलेल्या १९ जणींना चार किंवा अधिक. कोणाच्या घरी चार पाळणे आणि शेजारच्या तिघींपैकी एकीकडे काहीच नाही. आणि जिला मूल झालं तिच्यासाठीही त्या वर्षातल्या हजारांपैकी ९९९ गर्भ गेलेलेच असतात. शंभर वर्षांत एका आईच्या वाट्याला शंभर मुलं आणि ९९ हजार ९०० मृत गर्भ. क्रोगन आई शंभर वर्षांनंतरही तरुणच असते.

मार्च २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या खेळात ईव्ह नावाची क्रोगन स्त्री भेटते. तिचं खरं नाव बकारा. आपलं पहिलं मूल जन्मताच गेलं हे ती शांतपणे सांगते. त्या दुःखापोटीच ती मेलॉन नावाच्या सलारियनाच्या प्रयोगांना सामोरी गेली. तो जेनोफेजवर उपाय शोधत होता आणि त्यासाठी क्रोगन बायकांवर प्रयोग करत होता. ती वाचली, बाकीच्या वाचल्या नाहीत. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या दुसऱ्या खेळात आपण त्याच प्रयोगशाळेत शिरतो आणि मॉर्डिन सोलस हा सलारियन शास्त्रज्ञ सोबत असतो. टेबलावर एका क्रोगन बाईचं प्रेत पडलेलं दिसतं. मॉर्डिन सतत बोलणारा, तुटक वाक्यांत भराभर हिशेब मांडणारा माणूस. तिथे तो थांबतो आणि त्या अनोळखी बाईसाठी प्रार्थना पुटपुटतो.

त्याला थांबायला कारण आहे. क्रोगनांची शरीरं हळूहळू जेनोफेजला सरावत होती, जन्मदर चढू लागला होता. तेव्हा नवा, सुधारलेला जेनोफेज ज्या गटाने बनवला, त्यात मॉर्डिन होता. तो पुन्हा पुन्हा सांगतो की उद्देश वंशनाश हा नव्हता. जन्मदर उद्योगयुगाच्या आधीच्या पातळीवर ठेवायचा होता. म्हणजे टुचांकावर जे काम हिंस्र प्राणी करत, तेच काम रेणूंकडे दिलं.

आकडा तोच. अर्थ मात्र तोच राहत नाही. कासवाचं पिल्लू किमान वाळूतून बाहेर येतं, समुद्राच्या दिशेने चार पावलं टाकतं. जुन्या टुचांकावर आईला पिल्लाला वाचवण्याची संधी होती, शिकाऱ्याशी झुंजता येत होतं. जेनोफेजच्या काळात झुंजायला समोर कोणीच नाही. जी जात लढून जगायला शिकली, तिच्याकडून लढण्याची जागाच काढून घेतली.

मग ते कमी का होत गेले?

गणित आणखी एक प्रश्न समोर ठेवतं, आणि तो टाळता येत नाही. लोकसंख्या स्थिर राहायला प्रत्येक मादीची सरासरी दोन मुलं मोठी व्हावी लागतात. वर्षाला सरासरी एक मूल होत असेल तर दोन वर्षांत हिशेब पूर्ण होतो. आयुष्य तर हजार वर्षांचं. मग क्रोगन ओसरत का गेले?

याचं उत्तर पहिल्याच खेळात उर्डनॉट रेक्सच्या तोंडून मिळतं. रेक्स हा भाडोत्री योद्धा, शेकडो वर्षांच्या लढायांनी मुरलेला. त्याच्या मते जेनोफेजपेक्षा मोठं दुखणं हे की कोणाला घरी थांबायचंच नाही. तरुण क्रोगन मोठा झाला की पैशासाठी दुसऱ्यांच्या लढाया लढायला निघून जातो. रेक्सने एकदा आपल्या लोकांना विनवलं होतं की काही काळ युद्ध थांबवा, मुलं वाढवा. त्याचा बाप जॅरॉड याच्या डोक्यात युद्धच होतं. त्याने पूर्वजांच्या पवित्र जागेवर बोलणी करायला बोलावलं आणि तिथे दगा दिला. रेक्सच्या हातून बाप मेला, आणि रेक्स टुचांका सोडून निघून गेला.

वर्षाला एक मूल हा दर माणसांच्या मानाने प्रचंड आहे. तरीही तो पुरला नाही, कारण जेनोफेजने गर्भ मारले तसा उद्याही मारला. उद्याची खात्री नसलेला समाज मुलं मोजत बसत नाही. तो आज मिळणाऱ्या लढाया मोजतो. शिपायांची जात शिपायांपलीकडे काही होऊ शकत नाही, हे बाहेरच्यांनी ठरवलं आणि हळूहळू आतल्यांनीही मान्य केलं. माझ्या मते जेनोफेजने केलेली खरी हानी हीच.

जुन्या शिपायामागे किती जण

रेक्स किंवा ड्रॅक यांच्यासारखा जुना योद्धा समोर येतो तेव्हा आपल्याला त्याच्या अंगावरचे वण दिसतात. त्याच्यामागे न दिसणारे किती उभे आहेत, तेही मोजता येतं. समजा, एखादा शिपाई वर्षाला एकच मोठी लढाई लढतो आणि तीत मरण्याची शक्यता शंभरात फक्त एक आहे. माणसाची वीस वर्षांची नोकरी धरली तर शंभरातले ८२ जण सुखरूप घरी येतील. शंभर वर्षं लढत राहिले तर ३७ उरतील. तीनशे वर्षांनी पाच. आणि हजार वर्षांनी? शंभरात एकसुद्धा नाही. सुमारे २३ हजारांत एक.

म्हणजे हजार वर्षांचा एक योद्धा भेटतो तेव्हा त्याच्याबरोबर निघालेले २२ हजार ९९९ जण वाटेत राहिलेले असतात. लढाई वर्षाला एक न धरता महिन्याला एक धरली, तर शंभरात एक या दराने हजार वर्षं कोणीच टिकू शकणार नाही. शक्यता इतकी खाली जाते की एकावर बावन्न शून्यं द्यावी लागतात. दोन हृदयं आणि चार फुप्फुसं ही चैन नव्हे, हे इथे कळतं. हजार वर्षांच्या शिपाईगिरीला त्याशिवाय तरणोपाय नाही.

आता दोन्ही गुणोत्तरं एकत्र ठेवा. जन्माला येणारा हजारात एक. जन्मून हजार वर्षं लढत टिकणारा २३ हजारांत एक. गुणाकार २ कोटी ३० लाख. जेनोफेजच्या काळातला हजार वर्षांचा एक मुरलेला क्रोगन शिपाई म्हणजे दोन कोटी तीस लाख अंड्यांमधलं एक. खेळात रेक्स आपल्या तुकडीत सहज सामील होतो आणि व्हर्मायर ग्रहावर एक वेळ अशी येते की आपलं बोलणं चुकलं तर तो तिथेच मारला जातो. क्रोगन सैन्य पैदा करणारा तळ उडवायचा असतो. रेक्सला वाटतं की तिथे त्याच्या लोकांच्या दुखण्यावर औषध आहे. तो आपल्यावर बंदूक रोखतो. दोन कोटी तीस लाखांतला एक, आणि त्याच्या हाती उरलेली एकच आशा आपण उडवायला निघालेलो असतो. त्याची बंदूक मला त्यानंतर कधीच अनाकलनीय वाटली नाही.

सदतीस आयुष्यं आणि एक आठवण

काळाच्या मोजमापातही अशीच विषमता आहे. सलारियन फार तर चाळीसेक वर्षं जगतो. जेनोफेज पसरल्यापासून दुसऱ्या खेळापर्यंत १,४७५ वर्षं होतात, म्हणजे एकापुढे एक ठेवलेली सलारियनांची सदतीस आयुष्यं. सलारियनांसाठी जेनोफेज हा इतिहासाच्या पुस्तकातला धडा, वाडवडिलांचं धोरण, एखाद्या खात्याची जुनी फाईल. क्रोगनासाठी ती स्वतःची आठवण असू शकते. दुसऱ्या खेळातला सरदार ओकीर हा त्या बंडात लढलेला माणूस आहे. ज्यांनी निर्णय घेतला त्यांचे पणतू-खापरपणतूही कधीच गेले, आणि ज्याच्यावर निर्णय लादला तो अजून त्याच रागाने जागा आहे.

ओकीरने त्या रागाचं काय केलं तेही पाहण्याजोगं आहे. संख्या परत मिळवायचा नाद त्याने सोडला. टाकीत कृत्रिमरीत्या शिपाई वाढवायचे, नको ते फेकून द्यायचे आणि एकच परिपूर्ण योद्धा घडवायचा, असा त्याचा ध्यास. त्यातून ग्रंट जन्मला. पूर्ण वाढलेला, लढायला तयार, आणि आई-बाप, टोळी, स्वतःच्या आठवणी यांपैकी काहीही नसलेला. संख्येचा तिटकारा आलेल्या म्हाताऱ्याने शेवटी आपल्याच लोकांकडे कच्चा माल म्हणून पाहिलं. परिषदेने जे केलं तेच त्याने केलं, फक्त उलट्या टोकाने.

त्याच वेळी टुचांकावर रेक्स दुसरं काहीतरी करत होता. व्हर्मायरवर तो वाचला असेल तर दुसऱ्या खेळात तो उर्डनॉट टोळीचा प्रमुख झालेला दिसतो. टोळ्यांना तह करायला लावणं, स्त्रियांच्या वस्त्या सुरक्षित ठेवणं, हे त्याचं रोजचं काम. शेकडो वर्षांच्या लढायांतून तो जे शिकला ते शॉटगन चालवणं नव्हतं.

निर्णय कोणाचा

तिसऱ्या खेळात मॉर्डिन औषध तयार करतो. ते पसरवायचं 'श्राउड' या उत्तुंग मनोऱ्यातून. टुचांकाचं करपलेलं वातावरण सावरण्यासाठी सलारियनांनी तो पूर्वी उभारला होता आणि जेनोफेज पसरवायलाही त्याचाच उपयोग झाला होता. सलारियन राज्यकर्ती कमांडर शेपर्डला, म्हणजे खेळणाऱ्याला, गुपचूप सांगते की औषधात बिघाड करा, मी सैन्य देते. निर्णय आपल्यावर येतो.

वर केलेली सगळी गणितं त्या क्षणी खरी असतात. औषध दिलं तर वर्षाला हजार अंडी परत येतील. सहा पिढ्यांत एकसष्ट पृथ्व्या भरतील हा कागदावरचा धोका खोटा नाही. क्रोगनांनी तुरियनांची शहरं बेचिराख केली हेही खरं. सलारियनांची भीती खुळी नव्हती, आणि हे मान्य केल्याशिवाय या कथेला न्याय देता येत नाही.

पण त्याच गणिताने हेही दाखवलं की लोकसंख्या स्थिर ठेवायला आईमागे दोनच मुलं पुरतात. दोन या आकड्यापर्यंत पोचायचे मार्ग अनेक आहेत. जेनोफेज हा त्यातला एक, आणि तो बाहेरून, न विचारता, कायमचा लादलेला. दुसरा मार्ग बकाराचा. मुलं झाली की ती वाढवायची कशी, त्यांना लढाईखेरीज काय द्यायचं, याचा विचार ती औषध मिळण्याच्या आधीपासून करत असते. तिच्यासारखी स्त्री आणि रेक्ससारखा सरदार हयात असतील तर आकडे आवाक्यात ठेवणारी माणसं खुद्द टुचांकावरच आहेत. ती नसतील आणि रेक्सचा युद्धखोर भाऊ रीव्ह सत्तेवर असेल, तर खेळ आपल्याला कचरायला लावतो. त्या घडीला मॉर्डिनसुद्धा मन बदलू शकतो. हजार अंड्यांचा अर्थ अंड्यांत नसतो. ती कोणाच्या हाती आहेत, यात असतो.

पावणेपंधराशे वर्षं परिषदेच्या हाती क्रोगनांची संख्या होती, जन्मदर होता, धोक्याचा अंदाज होता. रेक्सने आपल्या लोकांपुढे मांडलेला प्रस्ताव मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हता. एखाद्या समाजाला आवरायचं की त्याच्याशी बोलायचं, हे ठरवताना तो किती मोठा आहे एवढं कळून भागत नाही. त्याच्यातल्या रेक्सला आणि बकाराला शोधावं लागतं. मी तो निर्णय घेताना औषध दिलं, आणि आकडे पुन्हा मांडून पाहिल्यावरही तेच देईन. आईमागे दोन मुलं हा आकडा क्रोगनांनी स्वतः ठरवला तर ते त्यांचं राज्य. दुसऱ्याने त्यांच्या पेशींत लिहिला, तर कितीही अचूक असला तरी ती शिक्षाच.